आशियाई रेस्टॉरंटमध्ये काय मागवावे आणि वाडग्यात काय सोडावे

आशियाई रेस्टॉरंटच्या जेवणाबद्दल दोन टोकांच्या समजुती आढळतात. काहींच्या मते हे जेवण भाज्यांचे, वाफवलेले आणि म्हणून मुळातच हलके असते. इतरांच्या मते ते तेलकट, खारट आणि अजिनोमोटोने भरलेले असल्यामुळे प्रकृतीची काळजी असणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. या दोन्ही समजुती एकाच मेन्यूवर एकाच वेळी खऱ्या ठरू शकतात, कारण आले आणि कांद्याची पात घालून वाफवलेला मासा आणि तळून गोड सॉसमध्ये घोळवलेले चिकन हे पदार्थ बहुतेक वेळा त्याच पानावर, दोन-चार ओळींच्या अंतराने छापलेले असतात. चिनी, जपानी, थाई, व्हिएतनामी आणि कोरियन या स्वतंत्र पाकपरंपरांना ‘आशियाई’ हे एकच लेबल लावणे हाही ढोबळपणाच आहे. इथे तो सोयीसाठी केला आहे, आणि जिथे फरकाने निवड बदलते तिथे तो फरक सांगितला आहे.

या परंपरांतील घरगुती जेवणाची घडण पाहिली, की रेस्टॉरंटमध्ये नेमके काय बदलते ते लक्षात येते. घरी मध्यभागी साधा, अळणी भात असतो आणि त्याच्या सोबतीला थोड्या थोड्या प्रमाणात खारट, आंबट किंवा तिखट चवीचे पदार्थ असतात. जपानी भाषेत या रचनेला ‘इचिजू सान्साई’, म्हणजे ‘एक सूप, तीन जोडपदार्थ’, असे नावच आहे. सोया सॉस, फिश सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) किंवा गोचुजांग (कोरियन मिरचीची पेस्ट) यांसारख्या तीव्र चवीच्या गोष्टींचे मूळ काम त्या अळणी भाताला चव आणण्याचे. रेस्टॉरंटमध्ये हे प्रमाण उलटे होते. जोडपदार्थ हाच मुख्य पदार्थ होऊन मोठ्या प्लेटमध्ये येतो, मांसाचा वाटा वाढतो, सॉस सढळ हाताने पडतो, आणि ज्या भाताने हा खारटपणा सौम्य करायचा, तो भातही तेलात परतून, सोया सॉस लावूनच समोर येतो. बिघडते ते बहुधा प्रमाण, आणि प्रमाण ही गोष्ट जेवणाऱ्याच्या हातात बरीचशी असते.

‘बरीचशी’ म्हणण्यालाही कारण आहे. रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात काही गोष्टी ऑर्डर येण्याच्या कितीतरी तास आधीच ठरून गेलेल्या असतात. रामेन या जपानी नूडल सूपचा रस्सा मोठ्या भांड्यात आदल्या दिवसापासून उकळत असतो, चिनी पदार्थांसाठीचे मांस सोया सॉस, कॉर्नफ्लोअर आणि कधी अंड्याचा पांढरा भाग लावून मुरत ठेवलेले असते, सुशीच्या भातात व्हिनेगर, साखर आणि मीठ मिसळून झालेले असते, आणि थाई करीच्या वाटणात झिंग्यांची खारवलेली पेस्ट घातलेली असते. वेटरला कितीही नम्रपणे विनंती केली तरी यात बदल होऊ शकत नाही. याउलट वॉक नावाच्या खोलगट कढईत शेवटच्या अर्ध्या मिनिटात पडणारा सॉस, नूडल्सऐवजी साधा भात, तळण्याऐवजी वाफवणे, वरून घातले जाणारे मेयोनेज या गोष्टी ऑर्डर आल्यानंतर ठरतात. त्यामुळे जे बदलू शकते ते मागून बदलून घ्यावे आणि जे बदलू शकत नाही ते कमी खावे किंवा वाडग्यात सोडून द्यावे, या एका भेदावर पुढचा जवळजवळ सगळा विचार उभा आहे.

मीठ: न दिसणारा मोठा वाटा

तेलाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. माझ्या मते या जेवणात आधी पाहायला हवे ते मिठाकडे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजेच ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही मर्यादा सुचवली आहे. ५ ग्रॅम मीठ म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, आणि तो दिवसभराच्या सगळ्या खाण्यासाठी असतो. सोया सॉसच्या एका टेबलस्पूनमध्ये, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. तेवढ्याच फिश सॉसमध्ये ते १,४०० मिलिग्रॅमच्या आसपास जाते, तर कालवांपासून केलेल्या ऑयस्टर सॉसमध्ये ५०० मिलिग्रॅमच्या घरात असते. ब्रँडनुसार हे आकडे खालीवर होतात, परंतु एका पदार्थात यांपैकी दोन किंवा तीन सॉस एकत्र पडत असतील, तर एका प्लेटमध्येच दिवसाची मर्यादा संपणे अवघड नाही. रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी ही बाब चवीपुरती राहत नाही.

इथे एका शब्दाने अनेकांची फसगत होते. चिनी स्वयंपाकात ‘लाइट’ सोया सॉस म्हणजे कमी मिठाचा सोया सॉस नव्हे. लाइट म्हणजे पातळ आणि फिक्या रंगाचा; तो प्रामुख्याने खारटपणासाठी वापरतात आणि गडद, किंचित गोडसर ‘डार्क’ सोया सॉसपेक्षा तो सहसा अधिकच खारट असतो. कमी सोडियमचा सोया सॉस हा वेगळा प्रकार असून त्याच्या बाटलीवर तसे स्पष्ट लिहिलेले असते. त्यात नेहमीच्यापेक्षा साधारण ४० टक्के कमी सोडियम असते, पण म्हणून तो सढळ हाताने ओतला तर बचत तिथेच संपते.

सॉसखालोखाल मीठ असते ते रस्स्यात. रामेनचा एक वाडगा रस्स्यासकट संपवला, तर त्या एका वाडग्यातून दिवसभराच्या मर्यादेइतके किंवा त्याहून अधिक सोडियम सहज पोटात जाते. मात्र यातील मोठा वाटा द्रव भागात असल्यामुळे नूडल्स, भाज्या, अंडे आणि मांस खाऊन रस्सा वाडग्यात तसाच ठेवला, तर पदार्थाचा आनंद फारसा कमी न होता मिठाचा भार बराच हलका होतो. फो या व्हिएतनामी नूडल सूपबाबतही हेच लागू पडते. फोचा रस्सा रामेनच्या काही प्रकारांइतका स्निग्ध नसतो आणि त्याच्यासोबत ताज्या पानांची, मोड आलेल्या कडधान्याची आणि लिंबाची प्लेट येते. ती प्लेट शोभेसाठी नसते, सगळी वाडग्यात घालण्यासाठीच असते. त्यातल्या लिंबाने आणि मिरचीने चव इतकी उजळते, की वरून आणखी फिश सॉस किंवा गोडसर होइसिन सॉस घालण्याची गरज उरत नाही. मिसो सूपचा वाडगा लहान असतो, पण मिसो म्हणजे मीठ घालून आंबवलेले सोयाबीन, म्हणून तो ‘फक्त सूप’ समजून दोनदा मागवू नये.

मिठाचा विषय निघाला की अजिनोमोटोचा, म्हणजेच मोनोसोडियम ग्लुटामेटचा, निघणारच. १९०८ मध्ये टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळापासून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. हेच ग्लुटामेट टोमॅटो, मुरवलेले चीज, मशरूम आणि आईचे दूध यांतही नैसर्गिकरीत्या असते. १९६८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एका डॉक्टरांचे छोटे पत्र छापून आले. चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवल्यानंतर आपल्याला मानेत बधिरपणा आणि धडधड जाणवते, असे त्यांनी लिहिले होते आणि संभाव्य कारणांत सोया सॉस, स्वयंपाकातील वाइन, मीठ आणि मोनोसोडियम ग्लुटामेट अशी अनेक नावे घेतली होती. लोकांनी त्यातले शेवटचे तेवढे उचलले. त्यानंतरच्या काटेकोर चाचण्यांत, खाणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही कशात काय आहे हे माहीत नसताना, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या ग्लुटामेटचा असा त्रास सातत्याने दिसून आलेला नाही. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन ते सर्वसाधारणपणे सुरक्षित मानते; अन्नाशिवाय एकदम ३ ग्रॅम किंवा अधिक घेतल्यास काही संवेदनशील व्यक्तींना तात्पुरती डोकेदुखी किंवा बधिरपणा यांसारखी लक्षणे जाणवू शकतात, एवढेच ते मान्य करते. वजनाच्या हिशेबात मिठामध्ये सुमारे ३९ टक्के सोडियम असते, तर मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये सुमारे १२ टक्के. तेव्हा ‘आमच्याकडे अजिनोमोटो वापरत नाही’ ही पाटी वाचून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, कारण तिथल्या सोया सॉसविषयी ती पाटी काहीच सांगत नाही.

तेल कुठून येते

एक टेबलस्पून तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि रेस्टॉरंटच्या कढईत ते टेबलस्पूनने मोजले जात नाही. परतलेल्या भाज्यांना आपण हलके समजतो, परंतु चिनी रेस्टॉरंटमध्ये मांस आणि कधी कधी भाज्याही आधी भरपूर गरम तेलातून काढून घेऊन मगच कढईत परतण्याची पद्धत आहे. त्यामुळे मांस मऊ राहते, भाजीचा रंग टिकतो आणि गर्दीच्या वेळी काम झटपट होते. सिचुआन पद्धतीच्या सुक्या परतलेल्या फरसबीच्या शेंगा हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. नावात ‘सुक्या’ असले तरी अनेक ठिकाणी त्या आधी तेलात तळून घेतात. वांग्याचे तर विचारूच नये. त्याचा गर स्पंजासारखा असतो आणि मिळेल तितके तेल पिऊन घेतो, म्हणून लसूण सॉसमधील वांगे ही भाजी असूनही मेन्यूवरील सर्वांत तेलकट पदार्थांपैकी एक असू शकते. ब्रोकोली, पाक चॉय ही चिनी पालेभाजी किंवा कोबीची पाने त्या मानाने कमी तेल धरून ठेवतात, आणि लसणासह वाफवून द्या असे सांगितले तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात.

टोफूबाबतही, म्हणजे सोयाबीनच्या पनीरबाबतही, असाच गोंधळ होतो. वाफवलेला किंवा रस्स्यात सोडलेला टोफू हा प्रथिनांचा चांगला, हलका स्रोत आहे. तळलेला टोफू मात्र तळलेलाच पदार्थ. मेन्यूवर टोफू दिसला की तो कसा शिजवला आहे हे विचारणे म्हणूनच गरजेचे ठरते. तसे पाहिले तर मेन्यूवरील क्रियापदांकडे लक्ष देणे हे पदार्थाच्या नावापेक्षा जास्त उपयोगी पडते. कुरकुरीत, खरपूस, सोनेरी, टेम्पुरा, कात्सु, काराआगे हे शब्द तळण्याचेच निरनिराळे पर्याय आहेत. वाफवलेले, उकडलेले, मंद आचेवर शिजवलेले, भाजलेले किंवा ग्रिल केलेले हे शब्द दिसले, तर तेल बहुधा कमी असते. जपानी ग्योझा, म्हणजे सारण भरलेले मोमोसारखे डम्पलिंग, कढईत एका बाजूने परतून मग पाणी घालून वाफवतात, त्यामुळे ते तळलेल्या स्प्रिंग रोलपेक्षा बरे. व्हिएतनामी रेस्टॉरंटमध्ये तांदळाच्या पातळ कागदासारख्या आवरणात कच्ची पाने, शेवया आणि कोळंबी गुंडाळलेला ताजा रोल मिळतो आणि तळलेला रोलही मिळतो. मेन्यूवर दोघांनाही नुसते ‘रोल’ म्हटलेले असू शकते.

वाफवलेला कॅन्टोनीज मासा मला या सगळ्या मेन्यूंवरील सर्वांत समंजस पदार्थ वाटतो. त्यावर शेवटी थोडे कडकडीत तेल आणि सोया सॉस ओततात, हे खरे. पण तो सॉस प्लेटच्या तळाशी साचतो. मासा वरच्या बाजूने घेतला आणि तळातला सॉस चमच्याने भातावर घेण्याचा मोह टाळला, तर मीठ आणि तेल दोन्ही प्लेटमध्येच राहतात.

थाई करीचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे स्निग्धता नारळाच्या दुधातून येते आणि ती वेगळी काढता येत नाही. १०० मिलिलिटर दाट नारळाच्या दुधात साधारण १५ ते २० ग्रॅम संपृक्त मेद असतो. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक ऊर्जा संपृक्त मेदातून येऊ नये, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन २,००० कॅलरींच्या आहाराला लावले, तर ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. हिरवी, लाल किंवा मसमन करी खायचीच नाही असा याचा अर्थ नाही. ती टेबलावरील सर्वांनी मिळून एक मागवावी, भातावर ओतण्याऐवजी त्यातील भाज्या आणि मांस चमच्याने उचलून भातावर घ्यावे, आणि सोबतीला नारळाचे दूध नसलेला पदार्थ निवडावा. ‘केंग पा’ किंवा जंगल करी या नावाने मिळणारी करी नारळाच्या दुधाशिवाय करतात. टॉम यम सूपचेही दोन प्रकार असतात, पारदर्शक आणि दुधाळ. पारदर्शक हवे असेल तर ‘नाम साय’ असे सांगावे. कच्च्या पपईचे सोम ताम जवळजवळ तेलविरहित असते, मात्र त्यात फिश सॉस आणि ताडगूळ असतोच, म्हणून त्याला निखळ सॅलड समजू नये.

भात, साखर आणि सुशी

साध्या शिजवलेल्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅममागे सुमारे १३० कॅलरी असतात आणि मीठ जवळजवळ नसते. त्यामुळे बाकीचे पदार्थ खारट असताना फ्राइड राइसपेक्षा साधा भात केव्हाही बरा, फक्त तो मोजून घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे, की जास्मिन तांदूळ आणि चिकट तांदूळ यांमुळे रक्तातील साखर वेगाने वाढते. भाज्या आणि प्रथिने आधी खाऊन भात शेवटी खाल्ला, तर जेवणानंतरची वाढ कमी होते, असे मधुमेहींवरील अभ्यासांत दिसले आहे. आणि अनेक पदार्थ मध्यभागी ठेवून वाटून खाण्याच्या या पद्धतीत तसा क्रम पाळणे मुळीच अवघड जात नाही.

साखर मात्र भातापेक्षा सॉसमध्ये अधिक लपते. आंबट-गोड सॉस, तेरियाकी, पॅड थाई, कोरियन तळलेल्या चिकनवरचा चकाकणारा थर, या सगळ्यांत साखर असते, आणि सॉसची चकाकी हीच तिची सर्वांत सोपी खूण आहे. तैवानमध्ये १९८० च्या दशकात सुरू झालेला बबल टी जेवणासोबत घेतला, तर साखरेबरोबर टॅपिओकाच्या गोळ्यांतील स्टार्चही वाढतो. बहुतेक ठिकाणी त्यातील साखरेचे प्रमाण निवडण्याची सोय असते, तेव्हा निदान तिचा उपयोग करावा. जेवणासोबत साधा, बिनसाखरेचा चहा मागणे हे या परंपरांना धरूनही आहे.

सुशीला आरोग्यदायी म्हणणे बरेचसे योग्य आहे, पण तिच्या भातात साखर आणि मीठ आधीच मिसळलेले असते आणि टेम्पुरा, क्रीम चीज किंवा मेयोनेज घातलेले रोल मूळ कल्पनेपासून बरेच दूर गेलेले असतात. साशिमीत, म्हणजे कच्च्या माशाच्या नुसत्या कापांत, भात नसतो. निगिरी, म्हणजे भाताच्या गोळ्यावर माशाचा काप ठेवलेली सुशी, सोया सॉसमध्ये बुडवताना भाताची बाजू न बुडवता माशाची बाजू टेकवावी. भात सॉस शोषून घेतो, मासा तितका घेत नाही. जपानी शिष्टाचारही हेच सांगतो, हा एक सुखद योगायोग. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळावा. गरोदरपणात स्वोर्डफिश आणि बिगआय ट्यूनासारखे मोठे, जास्त पारा साठवणारे मासे शिजवलेलेही नकोत.

कोरियन जेवणात भाज्यांचे लहान लहान जोडपदार्थ आपोआप येतात, ही मोठी जमेची बाजू आहे, फक्त किमची (खारवून आंबवलेली कोबी) आणि इतर खारवलेले प्रकार बेताने घ्यावेत. बिबिमबाप या भात आणि भाज्यांच्या वाडग्यात गोचुजांग वेगळे मागावे आणि लागेल तेवढेच मिसळावे. टेबलावर भाजण्यासाठी मांस निवडताना डुकराच्या पोटाच्या चरबीदार पट्ट्यांऐवजी कमी चरबीचा भाग घेऊन तो लेट्यूसच्या पानात गुंडाळून खाल्ला, तर पोट पानांनीही भरते.

मागणी कशी करावी

‘जरा हेल्दी बनवा’ या विनंतीचा स्वयंपाकघरात काहीच अर्थ निघत नाही. ‘सॉस निम्मा घाला’, ‘सॉस वेगळ्या वाटीत द्या’, ‘भाज्या दुप्पट आणि नूडल्स निम्म्या’, ‘तळण्याऐवजी वाफवून द्या’ या सूचना नेमक्या असतात, म्हणून पाळल्या जातात. वेगळ्या वाटीतला सॉस ओतायचा नाही, चॉपस्टिकचे टोक किंवा घास त्यात टेकवायचा. बुफेमध्ये मात्र सगळेच आधी शिजलेले असल्यामुळे कुठलीही सूचना चालत नाही, आणि म्हणून तिथे मी तरी प्लेट लहान घेण्यापलीकडे काही सुचवू शकत नाही.

शाकाहारी आणि ॲलर्जी असलेल्यांनी विचारपूस आणखी पुढे न्यावी. मिसो सूपचा आधार असलेल्या दाशी या रस्स्यात बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचे काप असतात, परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस असू शकतो, आणि किमचीतही अनेकदा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. शेंगदाण्यांची तीव्र ॲलर्जी असेल, तर पदार्थातून शेंगदाणे वगळून भागत नाही, कारण एकच कढई पुसून पुढच्या पदार्थासाठी वापरली जाते.

मोठ्या प्लेटमधला अर्धा भाग सुरुवातीलाच पॅक करून घेणे हा कमी खाण्याचा चांगला मार्ग आहे, पण भाताच्या बाबतीत वेळ पाळावी लागते. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला, तर त्यातील बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू वाढीला लागतात आणि ते तयार करत असलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून तो डबा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा, आणि जेवणानंतर थेट घरी जायचे नसेल, तर भात पॅक न करता टेबलावरच ठेवावा.